विष चढते म्हणजे नेमके काय होते?

गेल्या महिन्यात या सदरात पावसाळ्यातील सर्पदंशाविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक पत्रे आली, आणि त्यांतील बहुतेकांत ‘विष चढले’, ‘विष उतरले’ हे शब्दप्रयोग होते. ते भाषेत रुळलेले आहेत आणि बोलताना मीही ते वापरतो. परंतु त्यांमुळे विष म्हणजे विहिरीतल्या पाण्यासारखे पायांपासून डोक्यापर्यंत चढत जाणारे काहीतरी आहे, असे चित्र मनात तयार होते आणि पुष्कळ चुका तेथूनच सुरू होतात. प्रत्यक्षात प्रत्येक विषाचे शरीरातले ठिकाण ठरलेले असते. ते ठिकाण कळले की लक्षणेही उलगडतात आणि उपचारही. त्या दृष्टीने उपयोगी पडतील अशी पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या वाडीतील अकरा वर्षांचा मुलगा श्रावणात जमिनीवर अंथरूण घालून झोपला होता. मध्यरात्रीनंतर त्याच्या पोटात दुखू लागले, म्हणून अपचन समजून घरच्यांनी ओवा आणि गरम पाणी दिले. पहाटे त्याच्या पापण्या उघडेनात आणि बोलणे बोबडे झाले. रुग्णालयात सर्पदंशाचे निदान झाले आणि नऊ दिवस व्हेंटिलेटरवर राहून तो वाचला. अंगावर चाव्याची खूण नव्हती. मग निदान झाले कसे? आणि औषध दिल्यावरही नऊ दिवस का लागले?
— एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : आपण सांगितलेली हकिकत मण्यारीची आहे, आणि डॉक्टरांनी ती खुणेवरून नव्हे, तर वेळेवरून आणि पापण्यांवरून ओळखली असणार. मण्यार रात्री फिरणारी. उंदीर, पाली आणि दुसऱ्या सापांच्या मागावर ती घरात शिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हातपाय तिच्यावर पडला की चावते. तिचे विषदंत इतके बारीक असतात की कित्येकदा झोपमोडही होत नाही. चाव्याच्या जागी सूज नाही, आग नाही, रक्त नाही. काही वेळाने पोटात दुखू लागते किंवा उलटी होते, आणि घरातली मंडळी रात्रीच्या जेवणाला दोष देत बसतात. रात्री जमिनीवर झोपलेले धडधाकट माणूस पोटदुखीने उठले आणि त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो मण्यारीचाच दंश समजावा, हे मी तरुण डॉक्टरांनाही सांगत असतो.

आता नऊ दिवसांविषयी. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून स्नायूपर्यंत जातो; परंतु तंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. त्यांच्यामधील सूक्ष्म फट ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन ओलांडते. तंतूच्या टोकाशी या रसायनाच्या इवल्या पिशव्या भरलेल्या असतात, आणि पलीकडे स्नायूवर ते झेलणाऱ्या जागा असतात. नागाचे विष पलीकडच्या, म्हणजे झेलणाऱ्या जागा अडवून बसते. त्यामुळे नागदंशात निओस्टिग्मीन हे औषध (आधी ॲट्रोपीन देऊन) दिले की ॲसिटिलकोलीनचे प्रमाण वाढते, ते जागेसाठी विषाशी झगडू लागते, आणि मिटलेल्या पापण्या अर्ध्या-पाऊण तासात वर जाताना दिसू शकतात. मण्यारीच्या विषातही झेलणाऱ्या जागा अडवणारा एक घटक आहे. पण तिचे खरे हत्यार बीटा-बंगारोटॉक्सिन. ते फटीच्या अलीकडे, तंतूच्या टोकावरच घाला घालते, तेथील साठा संपवते आणि ते टोकच निकामी करते. सापावरील प्रतिविष रक्तात मोकळे फिरणारे विष बांधून टाकते; मोडलेले टोक सांधणे त्याच्या हातात नाही. ते शरीरालाच नव्याने घडवावे लागते, आणि या कामाला काही दिवस, क्वचित काही आठवडेही लागतात. तोपर्यंत श्वासाचे स्नायू चालत नाहीत, म्हणून यंत्राने श्वास द्यावा लागतो. त्या मुलाला वाचवण्यात यंत्राचा वाटा औषधाइतकाच मोठा आहे.

यातली एक गोष्ट नातेवाइकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. या विषाने स्नायू गळतात, पण मेंदू शाबूत राहतो. रुग्णाचे हातपाय हलत नाहीत, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात, प्रकाश टाकला तरी आकुंचन पावत नाहीत, आणि पाहणाऱ्याला सारे संपले असे वाटते. परंतु तो आत जागा असू शकतो आणि खाटेभोवती चाललेले बोलणे त्याला ऐकूही येत असते. केवळ बाहुल्या पाहून आशा सोडणे ही येथे सर्वांत घातक चूक ठरते. खाटेचा आणि गादीखाली नीट खोचलेल्या मच्छरदाणीचा उपयोग डासांपुरता नाही, एवढेही लक्षात ठेवावे.

प्रश्न : वडिलांना भातकापणीच्या वेळी घोणस चावली. रुग्णालयात त्यांचे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे नुसते ठेवले. हा वेळेचा अपव्यय नव्हता का? पुढे त्यांना डायलिसिस करावे लागले, ते कशामुळे?
— एक वाचक, ता. पाटण

उत्तर : ती वीस मिनिटे वाया गेली नाहीत. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यावे, हलवू नये, आणि वीस मिनिटांनी नळी कलती करून पाहावी. रक्त गोठले नसेल तर विष रक्तात काम करीत आहे, हे ठरते. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची असेल तर निकाल फसवा येतो. लहानातल्या लहान आरोग्य केंद्रातही करता येणारी आणि जवळजवळ फुकट अशी ही तपासणी आहे. सूज झपाट्याने चढत असेल किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर मात्र निकालाची वाट न पाहता प्रतिविष सुरू करतात, आणि ते योग्यच आहे.

घोणशीच्या विषाविषयी ‘रक्त पातळ होते’ असे म्हणतात, पण सुरुवात त्याच्या उलट होते. रक्त गोठवणारी प्रथिने आपल्या शरीरात साखळीने काम करतात. या विषातील घटक त्या साखळीतील दहाव्या आणि पाचव्या घटकांना अकारण चेतवतात, आणि सर्वांगातील बारीक वाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होऊ लागतात. गावजेवणात पहिल्याच पंगतीने पातेले रिकामे करावे आणि दुसरी पंगत उपाशी राहावी, तसे मग होते: गोठवण्याचे साहित्य संपते, आणि सुईच्या टोचणीतून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त वाहू लागते. उरलेले विष प्रतिविषाने बांधले, तरी संपलेली प्रथिने यकृताला पुन्हा तयार करावी लागतात. त्याला साधारण सहा तास लागतात, म्हणून नळीची तपासणी सहा तासांनी पुन्हा करतात. रक्तदाब घसरणे, सूक्ष्म गुठळ्या आणि विषाचा थेट मारा या सर्वांचा भार मूत्रपिंडावर पडतो. वडिलांना डायलिसिस लागले ते त्यामुळे. चावल्यानंतर उपचाराला जितका उशीर, तितकी ही शक्यता वाढते.

फुरशाचे विषही असेच रक्तावर जाते. कोकणच्या कातळावर फुरशी इतकी होती की एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात ती मारण्यासाठी सरकारने बक्षीस लावले होते. दोन्ही दंशांत पायाला दोरी आवळून बांधण्याची प्रथा विशेष घातक आहे. तेवढ्याच भागात विष कोंडते आणि तेथील मांस सडते.

जाता जाता : रक्त गोठवण्याच्या याच गुणामुळे १९३४ साली इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी घोणशीचे विष अत्यंत विरल करून हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार) असलेल्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी जखमेवर लावले होते. आजही प्रयोगशाळेतील रक्ताच्या एका विशिष्ट तपासणीत ते वापरले जाते.

प्रश्न : विंचवाने नांगी मारल्यावर खूप दुखले तर विष जहाल, आणि दुखले नाही तर धोका नाही, असे आमचे आजोबा सांगत. हे खरे आहे का?
— एक वाचक, ता. श्रीवर्धन

उत्तर : आपल्या भागात तर हे मुळीच धरून चालू नये. तांबड्या विंचवाच्या बाबतीत अनेकदा उलट दिसते. नुसती जागा ठणकत असेल, पण बाकी माणूस ठीक असेल, तर बहुधा निभावते. याउलट जागेवर फारसे दुखत नसताना अंगाला दरदरून घाम सुटणे, हातपाय गार पडणे, उलटी होणे आणि पुरुषांत लिंग ताठर राहणे ही गंभीर दंशाची चिन्हे आहेत. हे विष मज्जातंतूंवरील क्षारांची दारे उघडी ठेवते. तंतू थांबतच नाहीत आणि शरीरात ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन यांचा लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदयाला तो रेटा सोसत नाही आणि फुप्फुसांत पाणी साचू लागते. पूर्वी कोकणात तोंडातून गुलाबी फेस येऊन माणसे जात, ती अशी.

डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा त्यांना असेच मृत्यू एकापाठोपाठ एक पाहावे लागले. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांचा क्रम टिपला आणि तो १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. विष वाहिन्या आवळत असेल तर त्या सैल करणारे औषध द्यावे, या सरळ विचाराने त्यांनी ऐंशीच्या दशकात प्राझोसिन वापरण्यास सुरुवात केली. रक्तदाबासाठीची ही स्वस्त गोळी. गंभीर दंशात चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यानंतर एक टक्क्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते त्या आरोग्य केंद्रातील नोंदवह्यांचे मोल त्याहूनही मोठे आहे. २०११ साली त्यांनीच दाखवून दिले की प्राझोसिनबरोबर विंचवावरील प्रतिविषही दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो.

प्रश्न : सोसायटीच्या कुंपणाला पिवळ्या फुलांची बिट्टी लावली आहे. मुले तिच्या फळांनी खेळतात. ती तोडावी का? धोतऱ्याचे विषही असेच असते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फळाला हात लागल्याने काही होत नाही; परंतु बी चावून खाल्ली तर ती प्राणघातक ठरू शकते. लहान मुले वावरतात तेथे हे झाड मी लावणार नाही, आणि असलेले काढून टाकीन. बिट्टीतील द्रव्य हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियमची अदलाबदल करणारा पंप बंद पाडते. नाडी मंदावते, ठोके चुकू लागतात. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली ज्या वनस्पतीचे हृदयरोगातील गुण मांडले, त्या डिजिटॅलिसचे काम याच जातीचे, फरक मात्रेचा. मुलाने बी खाल्ल्याचा संशय आला तरी मीठपाणी पाजून उलटी करवू नये. फळ किंवा बी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे, आणि मूल हसतखेळत असले तरी ईसीजी काढून घ्यावा.

धोतऱ्याचे ठिकाण वेगळे. वर सांगितलेले ॲसिटिलकोलीन ग्रंथी, आतडी, बाहुल्या आणि मेंदूतही काम करते. धोतऱ्यातील ॲट्रोपीन व स्कोपोलामीन तेथे त्याची वाट अडवतात. तोंड कोरडे पडते, कातडी लाल व गरम होते, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते आणि माणूस हवेतले दोरे वेचत असंबद्ध बडबडतो. शेतात कीटकनाशकाची बाधा होते तेव्हा याच्या नेमके उलट, ॲसिटिलकोलीनचा पूर आलेला असतो. त्यावर डॉक्टर हेच ॲट्रोपीन टोचतात.

प्रश्न : आमच्या गावात मांत्रिकाने विष उतरवलेली माणसे मी पाहिली आहेत. ती कशी वाचली? आणि लहान मुलाला प्रतिविष कमी देतात का?
— एक वाचक, ता. साकोली

उत्तर : भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यांपैकी विषारी साठ-एक. चावलेला साप बहुधा बिनविषारी असतो. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. त्याला कोरडा दंश म्हणतात. ही सगळी माणसे कडुनिंबाच्या फांदीशिवायही वाचली असती. ज्यांना खरोखर विष भिनले होते, त्यांचे मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेले दोन तास कोणी मोजत नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे.

मुलाला प्रतिविष कमी देत नाहीत. औषधाची मात्रा एरवी वजनावर ठरते, पण येथे ती विषावर ठरते, आणि सापाने मूल पाहून विष कमी सोडलेले नसते. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषाने घोड्यांच्या रक्तात तयार केलेले असते. दहा मिलिलिटरची एक कुपी घोणशीचे सुमारे सहा मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. घोणस एका दंशात सरासरी साठाहून थोडे अधिक मिलिग्रॅम विष सोडते. म्हणून सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या देतात, मग रुग्ण सहा वर्षांचा असो वा साठ. घोड्याच्या प्रथिनांची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, त्यामुळे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवूनच हे औषध द्यायचे असते, आणि विषबाधेची लक्षणे नसतील तर ते देत नाहीत. सह्याद्रीतील चापड्याच्या विषावर हे प्रतिविष चालत नाही. तेथे लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात.

साप पकडून किंवा मारून रुग्णालयात आणण्याची गरज नाही. औषध चारही सापांवरचे एकच असते आणि पुढचे सारे लक्षणांवरून ठरते. उलट तो शोधताना दुसरा माणूस चावून घेतो. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढावेत, हाडमोडीला बांधतात तशी फळी लावून तो हात किंवा पाय स्थिर करावा, रुग्णाला चालवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.