शहरात शिरलं की गेम अडखळतो

‘प्रोसेसर बदलू की ग्राफिक्स कार्ड?’ हा एकच प्रश्न दर आठवड्याला वेगवेगळ्या उपनगरांतून येतो, आणि बहुतेक पत्रांत ‘दुकानदार म्हणाला’ हे शब्द असतातच. म्हणून आज सगळी पत्रं एकत्र घेते.

मॅडम, माझ्याकडे रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० कार्ड आहे, मदरबोर्ड बी४५०. सायबरपंक २०७७ शहराबाहेर मस्त चालतो, बाजारात शिरलं की गचके खातो. प्रोसेसर तर ४५ टक्केच वापरला जातो. दुकानदार म्हणतो, मोठं कार्ड घ्या. (डोंबिवली)

कार्ड घेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

चित्र रंगवायचं काम कार्डाचं. पण रस्त्यावर कोण उभं आहे, कुठली गाडी कुठे वळतेय, कोणाला धक्का लागला, हे दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, प्रोसेसर ठरवतो आणि काय रंगवायचं त्याची यादी कार्डाच्या हातात देतो. तुम्ही गाडी दामटता तेव्हा पुढची वस्ती डिस्कवरून आणून उलगडायची, तीही त्यानेच. शहराबाहेर माणसंच तुरळक, म्हणून तिथे सगळं सुरळीत. बाजारात यादी वेळेवर येत नाही आणि कार्ड नुसतं ताटकळतं. त्याजागी दुप्पट महाग कार्ड बसवा, तेही तसंच ताटकळेल.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. मध्येच एखादी ५० खाते, तोच तुमचा गचका. सरासरी आकड्यात तो लपतो. ‘१ टक्का लो’ (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग) बघा. आणि त्या ४५ टक्क्यांवर जाऊ नका. २६०० मध्ये १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत. गेमचा मुख्य थ्रेड गळ्यापर्यंत बुडाला आणि बाकीचे अर्धे रिकामे बसले, तरी एकूण आकडा कमीच दिसणार.

आता घरीच तपासा. त्याच चौकात उभं राहून रिझोल्यूशन ७२०पी, म्हणजे अगदी कमी करा. फ्रेम वाढल्या नाहीत, तर कार्डाचा दोष नाही. मग गर्दीची घनता कमी करा, रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाश-सावल्यांचा बारीक हिशेब, बंद करा (त्याचा भार प्रोसेसरवरही पडतो), आणि रॅम बघा. ३२०० ची रॅम एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) सुरू न केल्यामुळे २१३३ किंवा २४०० वर रखडत असते आणि मालकाला पत्ता नसतो. एकच स्टिक असेल तर जोडी करा. एवढ्यावर भागलं नाही, तरच प्रोसेसर. बी४५० वर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो. रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ९६ एमबी आहे, तुमच्याकडे १६. ओपन-वर्ल्ड गेमना ती फार मानवते. मात्र बोर्डाचं नेमकं मॉडेल कंपनीच्या यादीत बघून, आणि शंका असेल तर जाणत्याला दाखवूनच पैसे मोजा.

नव्या प्रोसेसरने ग्राफिक्स जास्त सुंदर दिसतील का? (वसई)

नाही.

एका वेबसाइटने माझ्या पीसीत ‘१८ टक्के बॉटलनेक’ (एक भाग दुसऱ्याला अडवतो) सांगितलंय. (चेंबूर)

तुम्ही गेममध्ये कुठल्या चौकात उभे आहात, हे त्या साइटला कसं कळणार? वरची ७२०पीची चाचणी करा.

लॅमिंग्टन रोडला ‘आय७ गेमिंग पीसी’ स्वस्तात मिळतोय. आय७ म्हणजे चांगलाच ना? (लालबाग)

कुठल्या पिढीचा, ते विचारलंत का? २०१२ चा आय७-३७७० आणि २०२२ चा आय३-१२१०० या दोघांतही चार कोअर, आठ थ्रेड. पण नव्या आय३ चा एकेक कोअर जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो. शिवाय त्या जुन्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काचेचा डबा आणि रंगीत पंखे लावले की ‘गेमिंग’ म्हणून किंमत चढते, ही तिथली जुनी युक्ती. बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून मागा. दुकानदाराने टाळाटाळ केली तर मागे फिरा आणि सरळ ग्रँट रोड स्टेशन गाठा.

मुलाच्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलून मिळेल का? (गोरेगाव)

नाही ताई, आजच्या लॅपटॉपमध्ये तो बोर्डावर सोल्डर केलेला असतो.

माझा १३व्या पिढीचा आय९ आठ महिन्यांपासून गेममध्ये क्रॅश होतोय. ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा एरर येतो. कार्ड बदलू? (ठाणे)

आठ महिने! अहो, वाट कसली बघत होता? १३व्या-१४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे इजा होते, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, बायोसमधून सुधारणा दिली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. हा एरर कार्डाचा वाटतो, पण अशा प्रोसेसरवर तो दिसतो. बायोस अपडेट कराच, पण झालेली इजा त्याने भरून निघत नाही. बिल शोधा आणि याच आठवड्यात वॉरंटीसाठी अर्ज करा. कार्डाला तूर्त हात लावू नका.

एएम४ सॉकेटचा (रायझनचा) प्रोसेसर घरीच बदलू का? (विरार)

हात स्थिर असेल तर बदला. पण बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करून घ्या, आणि वीज जायची शक्यता असेल तेव्हा नको. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) सुरू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर नवा प्रोसेसर बसल्यावर तुमचीच डिस्क तुम्हाला दार उघडणार नाही. पीसी दहा मिनिटं चालवून कूलरखालची पेस्ट नरम होऊ द्या, मग बंद करून वायर काढा आणि कूलर डावी-उजवीकडे हलका पिळत सोडवा. सरळ वर ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून त्याच्यासकट उपटून येतो आणि पिना वाकतात. असे वाकलेले प्रोसेसर माझ्या टेबलावर नेहमी येतात, बहुतेक सोमवारी.