‘लोकांची भीड’ : गर्दी की मुर्वत?

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेने विचारले आहे की, सातवीच्या मुलांना ‘भीड’ हा शब्द वाक्यात योजायला सांगितला तेव्हा बहुतेकांनी ‘बाजारात लोकांची भीड होती’ अशाच धर्तीची वाक्ये लिहिली. ती चूक धरावीत काय? पत्रात दुसराही प्रश्न आहे. त्यांच्या सासूबाई नेहमी म्हणतात, ‘आजकालच्या पोराइले कोनाची भीड राह्यली नाई.’ या वाक्यातली भीड म्हणजे लाज, भीती, संकोच, आदर, की आणखी काही? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्रच द्यावे लागेल, कारण मुलांच्या वहीतील शब्द आणि सासूबाईंच्या तोंडचा शब्द एकाच घरात राहत असूनही त्यांची ओळख तुटत चालली आहे.

गर्दी या अर्थाचा ‘भीड’ मुलांनी हिंदीतून उचलला, हे उघड आहे. विदर्भात यात नवल नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. त्याआधी नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती त्यात जबलपूर आणि रायपूरही होते, आणि कचेरीत, रेल्वेत, व्यापारपेठेत हिंदी कानावर पडत होतीच. आमच्या बोलीने हिंदीकडून पुष्कळ घेतले आणि त्याने तिचे काही बिघडले नाही. पण एखादा शब्द नुसता येणे वेगळे आणि आलेल्या शब्दाने त्याच रूपाच्या घरच्या शब्दाला उठवून त्याच्या जागी बसणे वेगळे. ‘लोकांची भीड’ हे दोनच शब्द पाहावेत. हिंदीच्या वळणाने वाचले तर त्यांचा अर्थ लोकांचा जमाव होतो. मराठीच्या वळणाने वाचले तर लोकांबद्दल मनात बाळगलेली मुर्वत असा होतो. पहिल्या अर्थात लोक कितीही असोत, त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक असण्याची गरज नसते. दुसऱ्या अर्थात माणूस एकच असला तरी चालतो, पण तो ओळखीचा असावा लागतो.

मराठी भीडेचे व्याकरण आधी पाहू, कारण अर्थ तिथेच दडलेला आहे. भीती अंधाराची वाटते, कुत्र्याची वाटते, परीक्षेची वाटते. लाज फाटक्या सदऱ्याचीही वाटते, आणि खोलीत एकटे असतानाही वाटू शकते. संकोचाला तर षष्ठीची गरजच नाही; तो आपल्या आपण होतो. भीड मात्र माणसाचीच असते. कुत्र्याची भीड पडत नाही, पावसाची पडत नाही. ‘मला त्यांची भीड पडली’ असे आपण म्हणतो तेव्हा समोर एक चेहरा असतो आणि त्याची सावली पडावी तशी ही भावना आपल्यावर पडते. ती आपण होऊन करायची गोष्ट नव्हे, म्हणून क्रियापद ‘पडणे’ हेच आहे. कोणी भीड घालते, म्हणजे आपल्या शब्दाचे वजन खर्च करून दुसऱ्यासाठी रदबदली करते. ती मोडवत नाही, म्हणजे समोरच्याला नाही म्हणताना जीभ अडखळते. सहवासाने ती चेपते, म्हणजे नवा जावई तिसऱ्या खेपेला स्वतःच पाण्याचा गडवा उचलतो.

जोडशब्दांत तिच्या सोबतीला आलेले शब्द परके आहेत आणि तेही बोलके आहेत. भीडमुर्वत यातील मुर्वत मूळ अरबी. ‘मुरुव्वा’ म्हणजे पुरुषाला शोभेल असे वागणे, त्यातून पुढे उदारपणा आणि दाक्षिण्य. मुलाहिजा आणि लिहाज हे दोन्ही एकाच अरबी धातूपासून आलेले, आणि त्या धातूचा अर्थ पाहणे, लक्ष देणे. आमच्याकडे ‘थोडा तरी लिहाज ठेव’ असे आजही घरोघरी म्हणतात. दुसऱ्याकडे पाहणे, त्याची दखल घेऊन आपले वागणे आवरणे, हे या सगळ्या शब्दांतील समान सूत्र आहे. मराठीतील ‘भिडणे’ आणि हिंदीतील ‘भिड़ना’ यांचे नाते लपणारे नाही. माणसाला माणूस भिडला की गर्दी होते. माझे मत असे की, मराठीने अंगाला अंग लागण्याची ही कल्पना मनावर नेली आणि तिला फार सूक्ष्म अर्थ दिला.

आता हा शब्द कोणत्या जगण्यात रुजला होता ते सांगितले पाहिजे. माझे बालपण दारव्हा तालुक्यातील एका गावात गेले. मध्यमवर्ग हा शब्द तिथे कोणी उच्चारत नसे, पण त्या वर्गाची घरे होती: शाळेतले गुरुजी, पोस्टमास्तर, तलाठी, दहा-पंधरा एकर वावराचे कास्तकार. धड गरीब नाहीत, धड श्रीमंत नाहीत अशी ही घरे होती आणि त्यांचा सगळा व्यवहार भिडेवर चालत असे. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस सरकारनेच विकत घेण्याची योजना, सुरू झाल्यानंतरची गोष्ट मला आठवते. कापूस केंद्रावर बंडीने जायचा, पण चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्याने यायचा, आणि तोवर घराचे किराणा सामान दुकानदाराच्या वहीवर चालायचे. दुकानदार पारावर भेटला तर उधारीचा विषय काढीत नसे. त्याला चार माणसांत आमच्या वडिलांची भीड पडे. आणि चुकारा हातात पडला की वडील घरी येण्याआधी दुकानावर जात, कारण त्यांना त्याच्या न मागण्याची भीड पडलेली असे. व्याज नव्हते आणि कागदही नव्हता. एकाने मागायचे टाळले म्हणून दुसऱ्याने द्यायची घाई केली, हा तो व्यवहार होता.

याच वडिलांनी पुढे एका नातलगाच्या कर्जाला भिडेखातर जामीन राहून दोन एकर वावर गमावले. ‘भीड ही भिकेची बहीण’ ही म्हण मी त्या वर्षी आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. तिने ती रागाने म्हटली नव्हती. चुलीजवळ बसून, अगदी हळू आवाजात म्हटली होती. म्हणून भीडेचे नुसते गोडवे मी गाणार नाही. ज्या समाजाने हा गुण जपला त्यानेच ही म्हणही घडवली, म्हणजे या गुणाची किंमत त्याला पक्की ठाऊक होती.

आणखी एक फरक इथे केलाच पाहिजे, कारण जुन्या दिवसांविषयी बोलताना तो हमखास पुसला जातो. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, मालकासमोर मान खाली घालून उभा राही आणि लोक म्हणत, ‘किती भीड ठेवतो माणूस!’ ती भीड नव्हती. तो धाक होता. सुनेने सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणे, गावकुसाबाहेरच्या माणसाने ओसरीची पायरी न चढणे, यांनाही भिडेचे नाव दिले जाई. माझी कसोटी साधी आहे: भीड दोन्ही बाजूंनी पडते. दुकानदाराला गिऱ्हाइकाची आणि गिऱ्हाइकाला दुकानदाराची, थोरल्या भावाला धाकट्याची आणि धाकट्याला थोरल्याची. जिथे ती एकाच बाजूला वाहते तिथे धाक, दरारा, दहशत हे शब्द मराठीत तयार आहेत आणि ते वापरायला कचरू नये. धाक मोडला, याचा आनंदच मानला पाहिजे. सासूबाईंच्या वाक्यात या मोडलेल्या धाकाची खंत किती आणि हरवलेल्या भीडेची किती, हे त्यांच्याजवळ बसूनच ठरवावे लागेल; पण दोन्ही एकच समजून त्यांना जुन्या वळणाच्या म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल.

भीड खरोखर हरवली आहे काय? मला वाटते, तिचा एक भाग हरवला आणि तिच्यासारखाच दिसणारा दुसरा भाग फोफावला. ‘लोकांची भीड’ आणि ‘लोक काय म्हणतील’ या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. पहिलीत आपली नजर लोकांच्या अडचणीवर असते, दुसरीत स्वतःच्या प्रतिमेवर. माझ्या लहानपणी गल्लीत कोणाकडे दुखवटा असला तर वरातीतले वाजंत्री त्या घराच्या अलीकडेच थांबत आणि पार ओलांडल्यावर पुन्हा सुरू होत. त्यासाठी कोणाला सांगायला जावे लागत नसे. गेल्या उन्हाळ्यात आमच्याच गल्लीत, तेराव्याच्या आतल्या घरासमोर, डीजे पाऊण तास उभा होता. त्या वरातीच्या यजमानाला लोक काय म्हणतील याची काळजी नव्हती असे कोण म्हणेल? ती होती म्हणूनच तर त्याने डीजे, मंडप आणि जेवणावळ यांसाठी कर्ज काढले होते. ज्या एका घराची भीड पडायला हवी होती तेवढीच पडली नाही. मधल्या ऐपतीच्या घरांत मूल्यांची जी पडझड झाली तिचे वर्णन मला ‘लोक स्वार्थी झाले’ या सरधोपट वाक्यापेक्षा या दोन वाक्प्रयोगांच्या अदलाबदलीत अधिक अचूक सापडते.

याचे कारण केवळ माणसांच्या स्वभावात शोधू नये. भीड पडायला चेहरा लागतो, आणि व्यवहारातून चेहराच निघून गेला आहे. किराणा तालुक्याच्या मोठ्या दुकानातून येतो, पैसे मोबाइलवरून जातात, मोटारसायकलचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. हप्ता चुकला तर फोनवर जो आवाज येतो त्याला आपली भीड नसते आणि आपल्याला त्याची नसते. एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. गावातील बायकांना गट करून छोटी कर्जे दिली जातात. तारण काही नसते, पण एकीचा हप्ता राहिला तर बाकीच्यांनी तो भरायचा असतो. म्हणजे तारण असते ते शेजारणींच्या भीडेचे. जी गोष्ट एकमेकींना सांभाळून घेण्यासाठी होती ती वसुलीचे साधन झाली, आणि हप्ता भरता न आलेली बाई शेजारणीचे दार टाळू लागते. भीड अशी वापरून घेतली की ती चेपत नाही, आटते.

आता ‘निर्भीड’ या शब्दाकडे वळतो, कारण शिक्षिकेने ओघात विचारले आहे की, भीड चांगली असेल तर निर्भीड ही स्तुती कशी? शब्दाची घडण पाहिली तर उपसर्ग संस्कृत आणि शब्द मात्र मराठीच्या रोजच्या वापरातला. निर्भय आणि निर्भीड यांत अंतर आहे. साप हातात धरणारा निर्भय. स्वतःच्या भावकीचे चुकले तर ते चारचौघांत सांगणारा निर्भीड. निर्भयाला भय जिंकावे लागते, निर्भीडाला आपुलकी बाजूला ठेवावी लागते, आणि हे दुसरे काम अधिक कठीण आहे. ज्याला मुळात कोणाची भीडच पडत नाही त्याला निर्भीड म्हणणे म्हणूनच बरोबर नाही; त्याच्यासाठी बेमुर्वत हा शब्द आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचे उदाहरण इथे चपखल बसते. कर्ज काढून सण आणि लग्ने करू नका, पोरांना शिकवा, हे ते कीर्तनात समोर बसलेल्यांनाच प्रश्न विचारून विचारून त्यांच्याकडून वदवून घेत. मोठ्या माणसाची भीड त्यांनी धरली नाही, पण दुसऱ्याच्या गावी गेल्यावर आधी खराटा हातात घेऊन तिथली घाण झाडायचे. मुलांना निर्भीड या शब्दाचा अर्थ सांगताना हा खराटा विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. लेखी प्रमाण मराठीत गर्दी या अर्थी ‘गर्दी’ किंवा ‘दाटी’ लिहावे. मुलांच्या वाक्यावर लाल फुली मारण्यापेक्षा त्याखाली ‘हा हिंदीतील अर्थ’ असा शेरा द्यावा. मूल बाजारात जे ऐकते तेच त्याने लिहिले आहे, त्यात त्याचा दोष नाही. त्यानंतर त्याच मुलांना घरी आजीला विचारून ‘भीड पडणे’, ‘भीड चेपणे’ आणि ‘भीड मोडणे’ यांची एकेक वाक्ये आणायला सांगावे. आज्या वाक्य सांगून थांबणार नाहीत. कोणाची भीड, कधी पडली आणि मग काय झाले, हेही सांगतील, आणि या शब्दाचा अर्थ तेवढ्यानेच कळतो. सासूबाईंच्या वाक्याचा प्रमाण मराठीत अर्थ मी असा करीन: ‘आपल्या वागण्याने समोरच्याची अडचण होईल, हे हल्लीच्या मुलांच्या ध्यानात येईनासे झाले आहे.’ आदर, लाज किंवा भीती यांपैकी एकही शब्द तिथे पुरणार नाही.

शुद्धलेखनाबद्दलही विचारणा आहे. ‘भीड’ आणि ‘निर्भीड’ यांत भी दीर्घ. सामान्यरूपात नियमाप्रमाणे ती ऱ्हस्व होते, म्हणून ‘भिडेने’, ‘भिडेखातर’, ‘भिडेपोटी’, आणि ‘भिडस्त’ हेही ऱ्हस्व. वर मी दोन-चार ठिकाणी ‘भीडेचे’, ‘भीडेची’ असे लिहून गेलो आहे. कानाला ती दीर्घ भी इतकी सवयीची आहे की हात तिकडे वळतो, पण वर्गात शिकवताना ‘भिडेचे’ हेच रूप शिकवावे. हिंदी ‘भीड़’ लिहिताना ड खाली नुक्ता येतो. मराठीत तो येत नाही.