द्राक्षावरची भुरी आणि जिभेवरचा पांढरा थर

आईला मधुमेह आहे, कवळीही आहे. अँटिबायोटिकचा कोर्स संपला आणि जिभेवर दह्यासारखा थर आला. औषधातूनच संसर्ग झाला का? (मिरज)

नाही. कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी, कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात नि आतड्यात असतंच. तिथले जिवाणू त्याला फारसं वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकने जिवाणू मरतात, यीस्टचं काही बिघडत नाही. त्यात वाढलेली साखर आणि रात्रभर तोंडातच राहिलेली कवळी. एरवी गोलसर असणाऱ्या पेशींतून मग लांब तंतू निघतात, तोंडाच्या अस्तरात घुसतात आणि कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडतात. हे विष २०१६ मध्ये सापडलं. हे यीस्ट रक्तद्रवात मिसळून ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की सूक्ष्मदर्शकाखाली कोंब फुटलेला दिसतो. माझी आवडती चाचणी, स्वस्त आणि डोळ्यांना पटणारी. कवळी रात्री काढून घासा, आईंची साखर तपासून घ्या आणि तोंड डॉक्टरांना दाखवा.

बागेत भुरीवर आम्ही हेक्झाकोनॅझोल मारतो. वडिलांना डॉक्टरांनी फ्लुकोनॅझोल दिलं. औषध एकच का? (तासगाव)

एकच नाही, पण भाऊबंद खरे. दोन्ही ट्रायझोल या बुरशीनाशक गटातली. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशीत कोलेस्टेरॉल. अर्गोस्टेरॉल तयार करणारं एक एन्झाइम ही औषधं अडवतात. भुरी ही बुरशीच, पण यीस्ट नव्हे; तरी हे एन्झाइम तिच्यातही आहे. खरी अडचण पुढेच आहे. यीस्टची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जवळची: केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया, सगळं तसंच. ती मरेल आणि आपली वाचेल अशा जागा मोजक्याच, म्हणून औषधांचे गटही मोजकेच. २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून वेगळं केलेलं कॅन्डिडा ऑरिस बहुतेकदा फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही. शेतातल्या ट्रायझोलमुळे अॅस्परजिलस या बुरशीत औषधाला न जुमानणारे वाण तयार झाल्याचेही पुरावे आहेत. तेव्हा फवारणी गरजेपुरतीच. आणि पंपातलं औषध नायट्यावर लावायचा विचारही नको.

सतरा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर शिभं आलंय. कॅल्शियम कमी पडतंय का? (सातारा)

कॅल्शियमचा संबंध नाही. हे मालासेझिया नावाचं यीस्ट. त्याला स्वतःची फॅटी आम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ते त्वचेच्या तेलावर जगतं. वर खोबरेल चोळू नका. यीस्ट मेल्यावरही रंग परतायला काही महिने लागतात, त्यामुळे ‘गुण येत नाही’ म्हणून डॉक्टर बदलू नका. मात्र चट्ट्यावर बधिरपणा असेल तर ते शिभं नव्हे, लगेच दाखवा.

पावाचं यीस्ट पोटात वाढतं का? (कराड)

भट्टीतच मरतं. जुलाबात मिळणाऱ्या काही पुड्यांत मात्र त्याचाच जिवंत भाऊ असतो. धडधाकट माणसाला त्रास नाही. पण आयसीयूत मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णाला ती देत नाहीत आणि त्याच्या खाटेजवळ फोडतही नाहीत, कारण हातावरून ते यीस्ट थेट रक्तात जाऊ शकतं.