अक्कलदाढ काढताय? एवढं सांभाळा

घाबरू नका. माझ्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा इथेच सोलापुरात काढून झाल्यात. भूल चढली की दुखत नाही, फक्त दाब आणि करकर जाणवते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दिसते, मग उतरते.

खरी चूक घरी आल्यावर होते. पहिले २४ तास थुंकू नका, जोरात चूळ भरू नका, उन्हाळा कितीही असो, उसाचा रस स्ट्रॉने ओढू नका. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली की हाड उघडं पडतं, आणि ती कळ दाढेपेक्षा वाईट. तंबाखू, सिगारेट तर नाहीच.

- बोळा डॉक्टर सांगतील तेवढा वेळ घट्ट चावून धरा.
- पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ.
- गार ताक-भात खा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आठवडाभर लांब. कूट खड्ड्यात अडकतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढलं तर लगेच दाखवा.