वर्गात ‘ए’, परीक्षेत २: यातलं खरं कोणतं?

प्रश्न: आम्ही सोळा वर्षांपासून न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. मुलीची नुकतीच अकरावी झाली. एपी केमिस्ट्रीत (एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) वर्षभर, चारही मार्किंग पीरियडमध्ये तिला ‘ए’ होता. जुलैत परीक्षेचा स्कोअर आला, तो ५ पैकी २. उलट एपी यूएस हिस्टरीत वर्षभर ‘बी’ आणि परीक्षेत ४! तिला केमिकल इंजिनिअरिंग करायचं आहे. हे म्हणतात, शाळेने ‘ए’ फुकट वाटले. लेक म्हणते, परीक्षेत घाबरायला झालं, आता विषय काढू नका. आम्ही विश्वास शाळेवर ठेवायचा की परीक्षेवर? कॉलेजांना हा २ कळवावा लागेल का? आणि तिने केमिकलचा नाद सोडावा का?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर:

ताई, नमस्कार.

मधल्या प्रश्नाने तुमची झोप उडवली असणार, म्हणून आधी तेच. प्रवेशअर्जात एपीचे स्कोअर लिहिणं बहुतेक कॉलेजांत ऐच्छिक असतं. १ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप (अनेक कॉलेजांसाठीचा एकच सामायिक अर्ज) उघडेल, त्यात ती हिस्टरीचा ४ लिहू शकते आणि केमिस्ट्रीची जागा कोरी सोडू शकते. त्यात लपवाछपवी काही नाही, तसा पर्यायच दिलेला असतो. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष ठेवा. एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून अधिकृत रिपोर्ट पाठवला की त्यात सगळे स्कोअर एकत्र जातात, एखादा वगळायचा तर त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. आणि येलसारख्या विद्यापीठाने २०२४ मध्ये एसएटी या प्रवेशपरीक्षेऐवजी एपीचे स्कोअर चालतील असं जाहीर केलं, पण तो मार्ग घेतला तर दिलेल्या सगळ्या एपी परीक्षांचे स्कोअर कळवावे लागतात. तेव्हा प्रत्येक कॉलेजचा नियम त्यांच्याच पानावर वाचा, मैत्रिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

आता मूळ गोष्ट. ‘ए’ खरा की २ खरा, असा वाद घरात चालू आहे. माझ्या मते दोन्ही खरे आहेत, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

वर्गातली ग्रेड सप्टेंबरपासून जूनपर्यंत थोडी थोडी साठत जाते. तिच्यात होमवर्क असतं, लॅब रिपोर्ट असतात, छोट्या क्विझ असतात, गटात केलेलं काम असतं. बऱ्याच शाळांत कमी मार्क पडलेली टेस्ट पुन्हा देता येते, एक्स्ट्रा क्रेडिट मिळतं. कशाला किती वजन द्यायचं हे शाळा किंवा शिक्षक ठरवतात. विषयाच्या नावात ‘एपी’ लावायचं तर अभ्यासक्रमाची रूपरेषा कॉलेज बोर्डाकडून मंजूर करून घ्यावी लागते, हे २००७ पासून आहे. पण त्या अभ्यासक्रमात ‘ए’ कुणाला द्यायचा, यावर बोर्डाचा काही अंमल चालत नाही. ते सर्वस्वी शाळेचं.

आपल्याकडची आठवण काढा. प्रॅक्टिकलचे मार्क कॉलेजच्या हातात आणि लेखीचे बोर्डाच्या. २०१९ मध्ये महाराष्ट्रात दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडून मिळणारे २० गुण काढून टाकले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. शाळेचे गुण आणि बाहेरच्या परीक्षकाचे गुण यांत किती अंतर असू शकतं ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. लगेच पुढच्या वर्षीपासून ते गुण परत आले.

मेमधली एपी परीक्षा मात्र सगळ्यांना सारखी. केमिस्ट्रीत ९० मिनिटांत ६० बहुपर्यायी प्रश्न आणि मग १०५ मिनिटांत लिहायचे सात प्रश्न, दोन्ही भागांना निम्मं निम्मं वजन. उत्तरं तपासतात ते देशभरातून जूनमध्ये बसवलेले शिक्षक आणि प्राध्यापक, मुलांना न ओळखणारे. तिथे होमवर्क वेळेवर दिल्याचा अर्धा मार्कही नाही आणि रीटेक एकदम पुढच्या मे महिन्यात.

आणखी एक घोटाळा पालकांच्या डोक्यात हमखास होतो. वर्गात ९० टक्क्यांच्या वर ‘ए’, म्हणून परीक्षेतला ५ हाही नव्वदीच्या वरचाच असणार असं वाटतं. तसं नसतं. बऱ्याच विषयांत एकूण गुणांच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास मिळाले तरी ५ येतो, कारण पेपर मुद्दाम अवघड काढलेला असतो. त्यामुळे टक्के आणि स्कोअर शेजारी ठेवून वजाबाकी करू नका. शिवाय प्रत्येक विषयाचं मापही वेगळं. कॅल्क्युलस बीसीला (एपीतला वरच्या पातळीचा गणिताचा विषय) बसणाऱ्या दहापैकी चारेक मुलांना ५ मिळतो, कारण त्या वर्गात गाळून गाळून मुलं आलेली असतात. आणि मापं बदलतातही. यूएस हिस्टरीत २०२३ मध्ये ३ किंवा जास्त मिळवणारी मुलं निम्म्याहून कमी होती, २०२४ मध्ये बोर्डाने स्कोअर ठरवण्याची पद्धत बदलली आणि तेच प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर गेलं. तुमच्या लेकीचा ४ यामुळे खोटा ठरत नाही. तो चांगलाच आहे. पण दोन-चार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या ३ शी त्याची तुलना करू नका एवढंच.

आता थोडं कडू बोलतो. केमिस्ट्रीत अलीकडे साधारण तीन चतुर्थांश मुलांना ३ किंवा त्याहून जास्त मिळतो. म्हणजे २ हा खालच्या पावभागातला स्कोअर झाला. ‘पेपरच अवघड होता’ म्हणून तो बाजूला सारता येणार नाही.

आणि ‘घाबरायला झालं’ हेही मला पूर्ण पटत नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती माझ्या मते हिस्टरीची आहे, तुम्ही ती ओघात लिहून गेलात. त्याच मे महिन्यात, त्याच पंधरवड्यात तुमच्या मुलीने यूएस हिस्टरीत सात कागदपत्रं वाचून तासाभरात त्यांच्या आधाराने निबंध लिहिला, वर दुसरा एक निबंध लिहिला आणि ४ मिळवला. ज्या मुलीचे परीक्षेत हातपाय गळतात ती हे करू शकत नाही. घड्याळ समोर असताना तिला वाचता येतं, मुद्दा मांडता येतो, पुरावा देता येतो. वर्गातला ‘बी’ बहुधा उशिरा दिलेल्या असाइनमेंटचा किंवा न वाचलेल्या धड्यांवरच्या क्विझचा असेल. पोर्टलवर बघा, तिथे एकेक नोंद असते.

मग केमिस्ट्रीत काय झालं? मला संशय आहे तो लिहायच्या प्रश्नांचा. या परीक्षेत नुसतं उत्तर काढून भागत नाही, कारण द्यावं लागतं. ‘सोडियमपेक्षा पोटॅशियमचा अणू मोठा का?’ याला ‘पीरिऑडिक टेबलमध्ये खाली गेलं की अणू मोठा होतो’ असं लिहिलं तर मार्क मिळत नाही. तो कल झाला, कारण नव्हे. इलेक्ट्रॉनचं एक कवच वाढलं, सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब गेला, त्यामुळे केंद्रकाची ओढ कमी पडली, हे लिहावं लागतं. वर्गातल्या टेस्ट धड्यागणिक असतात, कालच शिकवलेलं आज विचारतात, सूत्रात आकडे घातले की पूर्ण मार्क. अशी मुलं मी बरीच पाहिली आहेत. मेहनती, वह्या सुबक, लॅब रिपोर्ट वेळेवर, वर्षभर ‘ए’. आणि आठ महिन्यांचा सगळा विषय एकदम समोर आला, कुठला प्रश्न कुठल्या धड्यातला हे कुणी सांगितलं नाही, की बावरतात. त्यांची मेहनत खोटी नसते. त्यांना त्या तऱ्हेचं काम कुणी दिलेलंच नसतं.

हा माझा अंदाज, आणि तो एका दुपारीत पडताळता येतो. त्या वर्षीच्या लेखी प्रश्नांचा पेपर आणि गुण कसे दिले याची मार्गदर्शिका कॉलेज बोर्ड स्वतःच्या साइटवर फुकट ठेवतं. ते सात प्रश्न तिला १०५ मिनिटं लावून पुन्हा सोडवू द्या आणि तपासूही तिलाच द्या. तुम्ही दोघं त्या खोलीत नको. गुण गणितात गेले, ‘का ते सांगा’मध्ये गेले, की पान कोरंच राहिलं, हे तिचं तिला दिसेल. कोरं राहिलं असेल तर कुठल्या धड्यांचं, तेही दिसेल.

शाळेने ‘ए’ वाटले का, याचाही छडा लागू शकतो. आपल्या वर्गाचे स्कोअर कसे आले याचा अहवाल शिक्षकांना मिळतो. सप्टेंबरमध्ये शाळा उघडली की लेकीनेच शिक्षकांना भेटून शांतपणे विचारावं: ‘वर्गात ‘ए’ असलेल्या मुलांना साधारण काय स्कोअर आले?’ नावं नकोत. बहुतेकांना ४–५ आले असतील तर अडचण तिच्या अभ्यासाच्या पद्धतीत आहे. बहुतेकांना १–२ असतील तर यजमानांचं म्हणणं बरोबर निघेल, आणि मग ती एकट्या तुमच्या मुलीची गोष्ट उरत नाही. ट्रान्सक्रिप्टबरोबर शाळेची माहिती देणारा एक कागद कॉलेजांना जातो, पुष्कळ शाळा त्यात एपीच्या स्कोअरचा गोषवारा देतात. म्हणजे प्रवेश देणारी मंडळी त्या शाळेचा ‘ए’ आपल्या तराजूत आधीच तोलत असतात.

यजमानांना एक मात्र माझ्याकडून सांगा. ग्रेडला फुकट म्हणू नका. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) एपीचा जादा गुण धरतात तो वर्गातल्या ग्रेडवर, परीक्षेच्या स्कोअरवर नाही. शिकागोच्या सरकारी शाळांतल्या मुलांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की मूल कॉलेज पूर्ण करेल का, हे शाळेतल्या ग्रेड एसीटी या प्रवेशपरीक्षेच्या स्कोअरपेक्षा कितीतरी चांगलं सांगतात. वर्षभर रोज उठून काम करण्याची सवय त्या ग्रेडमध्ये असते. उलट २०२४ मध्ये आयव्ही लीग आणि तशाच मोजक्या कॉलेजांच्या माहितीवरून निघालेला निष्कर्ष असा की तिथल्या पहिल्या वर्षाचे गुण एसएटी-एसीटीवरून जास्त नीट कळतात, ग्रेडवरून फारसे कळत नाहीत. हे दोन्ही अभ्यास एपीवरचे नाहीत, पण मला त्यातून जे दिसतं ते असं: जिथे सगळ्यांनाच ‘ए’ असतो तिथे ‘ए’ काही वेगळं सांगत नाही, आणि बाकी ठिकाणी तो पुष्कळ सांगतो.

केमिकलचा नाद सोडू नये. एका स्कोअरवरून तर मुळीच नाही. २ चा व्यवहारातला परिणाम एवढाच की कॉलेजच्या पहिल्या सत्रात तिला जनरल केमिस्ट्री घ्यावी लागेल, क्रेडिट मिळणार नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांनी ती घ्यावी असंच मी ५ मिळालेल्यांनाही सांगतो. एमआयटी तर एपी केमिस्ट्रीला क्रेडिट देतच नाही, ५ असला तरी. पुन्हा मेमध्ये हीच परीक्षा देण्याचा आग्रह मी धरणार नाही. बारावीत वेळ कमी असतो, आणि शंभरेक डॉलरच्या फीपेक्षा मला त्या वेळेची जास्त काळजी आहे. हा उन्हाळा त्या सात प्रश्नांतून सापडलेले कच्चे धडे पक्के करण्यात जावा, रोज तासभर पुरे.

पण ताई, तुमच्या एवढ्या पत्रात गणिताबद्दल एक अक्षर नाही. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये रसायनशास्त्रापेक्षा गणित आणि फिजिक्स जास्त असतं. उष्णता, प्रवाह, पाइपांतून जाणारा दाब, सगळीकडे कॅल्क्युलस. आतापर्यंत ती प्रीकॅल्क्युलसपर्यंत आली आहे की कॅल्क्युलस एबी (बीसीच्या खालची पातळी) झालं आहे? बारावीला बीसी मिळणार आहे का, फिजिक्स घेतलं आहे का? ते कळवा, आणि त्या सात प्रश्नांत गुण कुठे गेले तेही. शक्य असेल तर हे दुसरं पत्र तिला लिहू द्या.