कूलरच्या खोलीत प्रिंट टांगू नकोस

प्रिय दोस्त,

तू विकत घ्यायला निघालेल्या प्रिंटच्या फोटोत सही आहे, 212/450 (450 पैकी 212वी प्रत) असा आकडा आहे, किंमतही फार वाटत नाही. पण त्या फोटोवरून एवढंच कळतं, की कुणीतरी पेन्सिलीने आकडा लिहिलाय. ती खरंच स्क्रीन प्रिंट, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापलेली, आहे का, हे सही सांगत नाही, शाई सांगते.

म्हणून आधी भिंग घे. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं, दहापट मोठं दाखवणारं. त्याखाली दसऱ्याला दीक्षाभूमीवर मिळतं तसं एखादं रंगीत कॅलेंडर धर. बाबासाहेबांच्या निळ्या कोटात निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल बसलेले दिसतील. ही ऑफसेट, म्हणजे मोठ्या यंत्रावरची छपाई. मग स्क्रीनवर छापलेली लग्नपत्रिका धर. अक्षरात सलग भरीव शाई, आणि फार तर कडेला जाळीच्या धाग्यांचे बारीक दाते. पत्रिका खिडकीजवळ तिरकी धरलीस तर शाई कागदावर किंचित उभी दिसते. इंकजेटवर यातलं काहीच नसतं, नुसती रंगीत धूळ उडाल्यासारखे कण. एक मेख आहे: कलाकाराने वर्तमानपत्रातला फोटो स्क्रीनवर उतरवला असेल तर ठिपके तिथेही दिसतात. पण तो प्रत्येक ठिपका एकाच तयार रंगाचा, भरीव असतो.

आपल्या नागपुरात महाल-इतवारीकडे अजून स्क्रीनवर पत्रिका छापणारे सापडतील. विचारून तासभर बस. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, वेगळा हात. दुसरा रंग अर्धा मिलिमीटर सरकला की कडेला पांढरी रेघ. हे पाहिलंस की प्रिंटवरच्या तसल्या रेघेला तू लगेच खोट म्हणणार नाहीस.

आकड्याबद्दल लोक उगाच हळवे होतात. 5/450 ही 440/450 पेक्षा सरस नसते. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे सुईने ओरखडलेल्या पत्र्यावरून छापताना, पत्रा झिजतो, म्हणून तिथे आधीच्या प्रतींना मान. स्क्रीन एवढ्या प्रतींत तशी झिजत नाही. रेघेच्या खालचा आकडा बघ, आणि विचार: याच चित्राची दुसऱ्या रंगात किंवा दुसऱ्या कागदावर वेगळी आवृत्ती निघाली का? एपी, म्हणजे कलाकाराच्या प्रती, किती? त्या साधारण दहा टक्के असतात. बऱ्याच जास्त असतील तर ‘मर्यादित’ हा शब्द मनातून खोडून टाक.

नाव मोठं म्हणून तंत्र गृहीत धरू नकोस. अमेरिकन कलाकार शेपर्ड फेअरीचं 2008 सालचं ओबामांचं ‘होप’ पोस्टर सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाजारात फिरणाऱ्या त्याच्या बहुतेक प्रती ऑफसेटच्या. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचं 1972 सालचं ‘व्होट मॅकगव्हर्न’ मात्र खरी स्क्रीन प्रिंट, 250 प्रती. हिरव्या तोंडाचा अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन आणि खाली निवडणुकीतल्या त्याच्या विरोधकाला, मॅकगव्हर्नला, मत द्या अशी ओळ. उलट पॅरिसमध्ये मे 1968 मध्ये विद्यार्थ्यांनी कला महाविद्यालय ताब्यात घेऊन रातोरात छापलेल्या पोस्टरांवर ना सही, ना क्रमांक. ती भिंतींवर चिकटवायला होती. कुणी त्यातलं ‘सहीचं, क्रमांकाचं’ देऊ केलं तर दुरूनच नमस्कार कर. आपल्याच नागपूरचे चित्रकार सवी सावरकर अस्पृश्यतेवर करतात ती एचिंग्ज, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेली चित्रं. त्यात चित्राभोवती पत्र्याचा दाब कागदात उमटलेला असतो. स्क्रीन प्रिंटला तो दाब नसतो. दिसला तर प्रश्न विचार.

परदेशातून मागवलीस तर बिलावर तंत्र, आवृत्ती आणि साल लिहून घे. कस्टमच्या 9702 शीर्षकात मूळ प्रिंट येतात, पण यांत्रिक किंवा फोटोवरून केलेल्या प्रक्रिया त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे फोटो-इमल्शनच्या, म्हणजे उजेडाने कडक होणारा लेप लावून फोटोवरून केलेल्या, स्क्रीनवरून वाद होऊ शकतो. कुरियरवाल्याशी आधीच बोल.

प्रिंटची नळी आली की लगेच फोडू नकोस, एक दिवस घरात राहू दे. मग हात धुऊन, कोरडे करून, स्वच्छ चादरीवर उघड. सरळ व्हावी म्हणून उलटी गुंडाळायची नाही. जाड शाईला तडे जातात. दोन पांढऱ्या टीपकागदांमध्ये ठेवून वर प्लायवूड आणि थोडं वजन, आठ-दहा दिवस.

फ्रेमवाल्यासमोर उभा राहा. सवयीने तो सेलोटेप घेईल आणि मागे हार्डबोर्ड लावेल. टेपचा डिंक कागदात मुरून तपकिरी होतो, हार्डबोर्डातलं आम्ल कडा पिवळी करतं. माउंट, म्हणजे फ्रेममधला प्रिंटचा पुठ्ठा, सुती, आम्लविरहित हवा. प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर लटकू दे, गव्हाच्या निव्वळ स्टार्चने चिकटवून. घरची मैद्याची खळ नको, ती कडक होते आणि कसरीला आमंत्रण देते. चारी कोपरे चिकटवले तर पावसाळ्यात फुगलेल्या कागदाला पसरायला जागा राहत नाही आणि मधोमध लाटा येतात. काच प्रिंटला टेकू देऊ नकोस. उन्हाळ्यात शाई काचेला चिकटते आणि सोडवताना काचेबरोबर निघून येते.

आता कूलर. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दिवसभर कूलरची ओली हवा, रात्री बंद केला की कोरडी झळ. रोज कागद फुगतो, रोज आकसतो. त्यामुळे ज्या खोलीत कूलर, तिथे प्रिंट नाही. पश्चिमेची भिंत आणि गच्चीखालची खोलीही नाही. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आण. काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला तर छान, पासष्टच्या वर टिकून राहिला तर बुरशी धरते. जुलैत फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लाव, म्हणजे भिंतीशी हवा खेळते. फ्रेम न केलेल्या प्रिंट लोखंडी कपाटात आडव्या, प्रत्येकीमध्ये ग्लासाइन, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक, कागद. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या मुळीच नकोत, उन्हाळ्यात त्या शाईला डकतात.

आणि तुझ्या त्या 212/450 बद्दल: विक्रेत्याला सांग, भिंगावर मोबाइल टेकवून गडद रंगाच्या कडेचा फोटो काढ, आणि मागची बाजू तिरक्या उजेडात दाखव. दोन मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ केली तर पैसे पाठवू नकोस.