पंचवीस हजारांत घरासाठी लॅपटॉप: नवा घेण्याआधी जुना उघडून बघा

ताई, तुमच्याकडे २०१६ चा लॅपटॉप आहे: सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. तो सुरू होईपर्यंत चहा होतो, आणि दुकानदार म्हणतोय की हा टाका, २४ हजारांत नवा सेलेरॉनवाला (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर) घ्या. काम म्हणजे मुलीचा अभ्यास, बँक, बिलं आणि व्हिडिओ कॉल. माझं स्पष्ट मत: तो नवा घेऊ नका.

या किमतीच्या नव्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा ६४ किंवा १२८ जीबी ईएमएमसी, म्हणजे साठवणीची साधी चिप असते. ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, आणि अनेकदा रॅमही तशीच. ६४ जीबीत विंडोज आणि चार प्रोग्रॅम बसले की मोठ्या अपडेटलाही जागा उरत नाही. मग ना रॅम वाढवता येत, ना साठवण. म्हणून स्वस्तातला लॅपटॉप बघताना त्यात पुढे काय बदलता येईल, हे मी सगळ्यात आधी बघतो.

तुमचा जुना लॅपटॉप रखडतो तो मुख्यतः हार्ड डिस्कमुळे. तिच्यात तबकडी फिरते आणि वाचणारा काटा प्रत्येक फाइलसाठी जागा शोधत हलतो. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारक्या फाइली लागतात. एसएसडी म्हणजे चिपवरची साठवण, तिच्यात हलणारं काहीच नाही. अडीच इंची साटा एसएसडी त्याच खाचेत बसते. घरच्या वापराला २५६ जीबी पुरते, फोटो खूप असतील तर ५१२ घ्या. काढलेली हार्ड डिस्क फेकू नका, यूएसबी केसमध्ये घातली की बॅकअपला उत्तम.

रॅमचं मात्र जपून. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, तिथे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. दोनपैकी एकच भरलेला असेल तर आणखी एक पट्टी घालून ८ जीबी होईल. रॅमचे प्रकार असतात: सहाव्या पिढीत काही मॉडेलांना डीडीआर३एल लागते, काहींना डीडीआर४. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसरीच्या जागी बसतच नाही. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या.

आता खरी अडचण. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ अधिकृतपणे सहाव्या पिढीवर चालत नाही. बँकेची कामं असल्यामुळे हे मी हलक्यात घेणार नाही. एसएसडीवर लिनक्स मिंट टाका, ती विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ब्राउझर, व्हिडिओ कॉल, मराठी टायपिंग सगळं होतं. पण टॅली किंवा एमएस ऑफिसच हवं असेल तर मिंटच्या वाटेला जाऊ नका.

तसं असेल तर रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला बिझनेस लॅपटॉप घ्या, विंडोज ११ चालावं म्हणून आठव्या पिढीचा किंवा पुढचा. लेनोवोचा थिंकपॅड टी४८० किंवा डेलचा लॅटिट्यूड ७४९० बघा. दोन्हींत रॅमचे दोन स्लॉट आहेत. टी४८०एस दिसायला सडपातळ, पण त्यात रॅमचा काही भाग सोल्डर केलेला असतो. आणि नुसत्या ‘आय-५’ या नावावर जाऊ नका: सातव्या पिढीच्या ७२००यू मध्ये दोन कोअर (काम करणारे भाग), आठव्या पिढीच्या ८२५०यू मध्ये चार.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा नाहीतर घराजवळच्या दुकानात, पैसे देण्याआधी दोन गोष्टी स्वतः करा. कमांड प्रॉम्प्ट उघडून त्यात powercfg /batteryreport असं टाइप करा. जो अहवाल तयार होतो त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी शेजारी असतात. पहिली ४८,००० आणि दुसरी २४,००० असेल तर बॅटरी अर्धी गेली आहे. भाव त्या हिशेबाने करा. दुसरं, दुकानदाराला समोरच विंडोज रीसेट करून इंटरनेट जोडायला सांगा. सेटअपमध्ये एखाद्या कंपनीचं लॉगिन मागितलं तर ते मशिन अजून त्या कंपनीच्या नावावर आहे, घेऊ नका. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड असेल तरीही नको.

स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारी) असेल तर मुलीच्या डोळ्यांना बरं पडेल.

लॅपटॉपच्या तळाशी स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, तो इथे लिहा. रॅम कुठली लागेल आणि एसएसडी कुठे बसेल, ते बघून सांगतो.